एकसारखीं घरें

वरळी, नायगांव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींची निंदा करण्याचा प्रघात जुनाच आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट खात्यानें कामगारवर्गाकरितां या दोनशेंहून अधिक चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले; मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळींत ८०; खोली सुमारें १६० चौरस फुटांची; शौचकूप सामाईक. एक चाळ पाहिली कीं सर्व पाहिल्या. सांच्यांतून काढलेल्या अशा घरांतील माणसेंही सांच्यांतलींच निपजतात, असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ पदोपदीं भेटतात.

हा आक्षेप मला पोरकट वाटतो. आपल्या शाळेंत गणवेश आहे. म्हणून वर्गांतील सर्व मुलांना एकच मूल समजणारा शिक्षक तो शिक्षक कसला? त्याच १६० चौरस फुटांत कोठें देव्हारा, कोठें बुद्धमूर्ति, कोठें नाताळची चांदणी. आणि शेजाऱ्याच्या मुलाला घरीं नेण्यास लाजावें, असें निदान जागेपुरतें तरी कोणास कारण नव्हतें. हा लाभ थोडा नव्हे.

खरा दोष निराळा आहे. घरें सारखीं केलीं, पण शेजार मात्र जातीचा, गांवचा, धर्माचा पाहून जमत गेला. चाळींचे आंकडे ऐकून आंतील वस्ती ओळखणारे लोक होते. जानेवारी १९७४ मध्यें याच वरळीच्या चाळींत दलित व सवर्ण यांच्यांत दंगल पेटली. भिंतींच्या समतेनें ती थोपविली नाहीं.

आतां त्या चाळींच्या जागीं उंच इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हीं घरेंही एकसारखींच. मात्र कोणास कोणतें, हें सोडतीनें ठरलें. त्यामुळें तीन पिढ्यांचा शेजार तुटतो, अशी हळहळ ऐकूं येते. ती खोटी नाहीं. ज्या म्हातारीनें जन्मभर शेजारणीकडे किल्ली ठेवली, तिला लिफ्टपाशीं भेटणारा अनोळखी चेहरा काय कामाचा? तरीही मी सोडतीच्याच बाजूचा आहें. यहोशवानें शिलो येथें चिठ्ठ्या टाकून भूमि वांटली खरी, पण तेथें प्रत्येक वंशाचें वतन निराळेंच राहिलें; येथें चिठ्ठीनें निरनिराळे वंश एका मजल्यावर आणिले आहेत. जें काम आमच्या उपदेशांनीं झालें नाहीं, तें संगणकानें एका दिवसांत केलें.

भय आहे तें पुढचें. सोडत एकदांच होते, विक्री वारंवार. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत, सभासदत्व एका समाजापुरतें राखणारा उपविधि वैध ठरविला. (आम्हां ख्रिस्ती लोकांच्याही अशा वसाहती आहेत, हें आम्ही सोयीस्करपणें विसरतों.) जेथें लेखी उपविधि नसतो, तेथें आडनांव व आहार यांची चौकशी तेंच काम चोख बजावते. वरळीच्या या नव्या घरांपैकीं एखादें विकावयास निघेल, तेव्हां गिऱ्हाइकाला किंमतीपूर्वीं कोणता प्रश्न विचारला जातो, इकडे माझें लक्ष राहील.