व्हॅनचा कंप आणि बदलाबदलीचा रोग

मंडळी, आजचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचावं अशी विनंती, कारण माझं भांडण गाडीशी नाहीच. भांडण आहे ते "बदलून बघू" या दोन शब्दांशी.

आमची मारुती ऑम्नी २००३ सालची. ऑम्नी बनवणं २०१९ मध्येच थांबलं, पण साताऱ्यात आमच्या दारात ती अजून उभी आहे आणि हाक मारली की चालते. २०२४ च्या पावसाळ्यात तिला एक व्याधी जडली. ताशी पंचावन्नच्या पुढे काटा गेला की बुडाखालून थरथर सुरू व्हायची. खड्ड्याचे धक्के वेगळे, ते आपल्याला पाठ आहेत. हे तसं नव्हतं. मधमाश्यांचं पोळं सीटखाली ठेवावं तशी बारीक, सलग गुणगुण. कराडला पोचेपर्यंत हिच्या पाठीचा आणि माझ्या डोक्याचा भुगा!

अकरा महिने मी या दुखण्यासाठी गॅरेजच्या पायऱ्या झिजवल्या. (गॅरेजला पायऱ्या नसतात, खड्डा असतो. असो.) पहिल्या ठिकाणी निदान झालं ते गाडी न चालवताच. "व्हील बॅलन्सिंग करून बघू." केलं. मग "टायर बदलून बघू." दोन नवी घेतली. दुसऱ्या गॅरेजात शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा मूळपदावर. तिसऱ्याने इंजिनची पुढची दोन माउंटिंगं नवी घातली. त्यानंतर कंप चक्क वाढला. हे मी सांगितल्यावर उत्तर मिळालं, "सर, तीन सिलिंडरचं इंजिन आहे, थरथरणारच." अहो, एकवीस वर्षं तेच तीन सिलिंडर होते की! पुढचा सल्ला क्लच प्लेटचा, त्याच्या पुढचा मागचं हाउसिंग उघडण्याचा, आणि सर्वांत शेवटचा सल्ला आमच्या चिरंजीवांचा, पुण्याहून फोनवर: "बाबा, विकून टाका आता."

एव्हाना साडेअठरा हजार रुपये गेले होते. एकानेही विचारलं नव्हतं की कंप कधी येतो आणि कधी येत नाही.

आता मी मराठीचा मास्तर, मला यंत्रातलं काय कळणार? पण मंडळी, प्रयोग ओळखायला मी तीस वर्षं शिकवलंय. विज्ञानातले नव्हेत, व्याकरणातले. 'मुलगा पेरू खातो.' कर्ता बदला: 'मुलगी पेरू खाते.' क्रियापद हललं, म्हणजे कर्तरी. 'मुलाने पेरू खाल्ला.' मुलगा काढून मुलगी घाला, क्रियापद ढिम्म. पेरू काढून चिंच ठेवा, लगेच 'खाल्ली'. म्हणजे कर्मणी. यातला एकच नियम महत्त्वाचा, तो म्हणजे एका वेळी एकच शब्द बदलायचा. कर्ता आणि कर्म एकदम बदललंत तर क्रियापद कुणामुळे हललं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या गॅरेजवाल्यांनी एका भेटीत टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिन्ही बदललं होतं!

एका रविवारी पहाटे भाच्याला उठवलं. "मामा, पहाटे साडेपाचला हायवेवर प्रयोग?" "होय. तू चालव, मी लिहितो." शंभर पानी वही, चार रकाने: वेग, गिअर, पाय कुठे, मागे वजन किती.

पहिला शब्द, इंजिन. गाडी उभी, न्यूट्रल, आणि चौथ्या गिअरात साठला जेवढा आवाज येतो तेवढं इंजिन तापवलं. गुणगुण नाही. दुसरा, गिअर. साठच्याच वेगाला चौथ्याऐवजी तिसरा. इंजिन कोकलायला लागलं, पण कंप होता तसाच, त्याच सुरात. म्हणजे इंजिन जोरात फिरो की हळू, कंपाला त्याचं सोयरसुतक नाही. क्लच प्लेटही त्याच इंजिनाबरोबर फिरते, तेव्हा तिचेही पैसे वाचले. तिसरा, ओढ. नागठाण्याच्या अलीकडे रस्ता रिकामा बघून साठला न्यूट्रल केलं (इंजिन चालूच ठेवून, ते बंद केलं की ब्रेक जड होतो, असला शहाणपणा करू नका). चाकं त्याच वेगाने फिरताहेत, शाफ्ट त्याच वेगाने फिरतोय, पण कंप एकदम निम्म्याखाली! पुन्हा गिअर, पुन्हा ओढ, की पुन्हा पोळं जागं. चौथा, वजन. परतताना भाच्याच्या मित्राकडून सिमेंटची चार पोती मागे टाकून घेतली. पंचावन्नला सुरू होणारा कंप पन्नासलाच हजर.

घरी येऊन चाकाला दोरी गुंडाळून मोजली. घेर साधारण एक मीटर सत्तर. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे दहा फेरे घेतं. चाकात दोष असता तर सेकंदाला दहा हिसके बसले असते, आणि पुढच्या चाकात असता तर ते स्टिअरिंगमध्ये आधी कळले असते. माझी गुणगुण त्याहून कितीतरी बारीक होती आणि सीटखाली होती. ऑम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे मधे एक लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. चाकाच्या एका फेऱ्याला तो साधारण पाच फेरे घेतो, म्हणजे साठच्या वेगाला सेकंदाला पन्नास. संशयित समोर उभा होता! आणि हे गणित पाचवीचं आहे. अकरा महिन्यांत ते कुणीच मांडलं नाही, मीसुद्धा नाही.

पण शाफ्टचे क्रॉस तर नवे होते. मग?

वही घेऊन मी एका लहानशा गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक वही वाचत चांगला दहा मिनिटं बसला. (हिंदी सिनेमात तो माझा जुना विद्यार्थी निघाला असता. तसं काही नाही, तो कर्नाटकातून आलेला आहे.) मग म्हणाला, "सर, क्रॉस नाही, कोन बघायला पाहिजे."

हे कोनाचं प्रकरण मला फार आवडलं, म्हणून थोडं थांबतो. गिअरबॉक्स वर, मागचा अॅक्सल खाली, आणि तोही पाट्यांवर वरखाली होणारा. त्यांना जोडणारा शाफ्ट तिरकाच असणार. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना हा क्रॉसचा सांधा असतो. कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातला इटलीचा कार्डानो आणि सतराव्या शतकातला इंग्लंडचा रॉबर्ट हुक, या दोघांची नावं आजही त्या सांध्याला चिकटलेली आहेत. पण या सांध्याला एक खोड आहे. तो कोनात फिरला की एकसारखा फिरत नाही. आत येणारी गती समान असली तरी बाहेर पडताना ती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. मग गाड्या चालतात कशा? तर दुसऱ्या टोकाचा सांधा उलटी चूक करून पहिल्याची चूक खोडून काढतो. अट एवढीच की दोन्हीकडचे कोन जवळजवळ सारखे हवेत. एकीकडे कोन बिघडला की चूक पुरती खोडली जात नाही, उरलेली आपल्या पाठीत येते.

त्याने गाडी वर घेतली, मोबाइलमधली पाणसळ लावून दोन्ही टोकांचे कोन घेतले. गिअरबॉक्सच्या बाजूचा कोन मागच्यापेक्षा चांगलाच जास्त. आणि कारण? गिअरबॉक्सच्या शेपटाखालचं मागचं माउंटिंग. रबर दगडासारखं होऊन चिरलेलं, दबलेलं. शेपूट खाली बसलेलं. वर त्या तिसऱ्या गॅरेजने पुढची दोन माउंटिंगं नवी, उंच घातली आणि मागचं जुनंच ठेवलं, त्यामुळे इंजिनाचं नाक वर आणि शेपूट आणखी खाली. कंप का वाढला त्याचं उत्तर हे होतं. वाढला त्या दिवशीच कुणी थांबून विचार केला असता तर दोष तिथेच सापडला असता. बिघडलेलं उत्तरसुद्धा किती सांगून जातं! आम्ही मास्तर लोक मात्र त्यावर लाल फुली मारून पुढे जातो.

आता मला चीड कशाची आली ते सांगतो. त्याने शाफ्ट काढून दाखवला, तेव्हा आठ महिन्यांपूर्वीचे "नवे" क्रॉस कोरडे पडून खडखडत होते. त्या हिसक्यांनी त्यांनाच खाल्लं होतं. पुढचा क्रॉस वेगात तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्याला भिडतं. आणि त्याच काळात मे महिन्यात मी दोन्ही नातवंडांना मागे बसवून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो होतो. "थरथरणारच" म्हणणाऱ्या माणसाने खाली वाकून हाताने तो शाफ्ट हलवून बघायचे कष्ट घेतले नव्हते.

काहीजण म्हणतील, आता स्कॅनर आहेत, कॉम्प्युटर लावला की सगळं कळतं. कळतं ना, जिथे सेन्सर आहे तिथलं कळतं. माझ्या व्हॅनच्या शाफ्टवर आणि रबरावर कसला आलाय सेन्सर?

पण सगळा दोष गॅरेजवाल्यांवर टाकून मोकळं होणं हा लबाडपणा होईल. पहिल्या गॅरेजात मालक म्हणाला होता, "सर, गाडी ठेवून जा, चालवून बघायला लागेल, दोनशे रुपये होतील." आणि मी, हो मीच, म्हणालो होतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" वस्तू हातात पडली तरच आपण पाकीट उघडतो. टायरचे चार हजार मी तोंड वाकडं न करता दिले, विचार करण्याचे दोनशे मला जड झाले. मग त्या माणसाने विचार का करावा? त्याने टायर विकली. आपण गिऱ्हाइकांनीच हा धंदा असा घडवलाय आणि वर आपणच "हल्ली कारागीर राहिले नाहीत" म्हणून गळे काढतो.

मागचं माउंटिंग बदललं, क्रॉस पुन्हा नवे घातले, पिनियनचं ऑइल सील गळत होतं तेही घातलं. गाडी सत्तरला नेली. शांत. भाचा म्हणाला, "मामा, रेडिओ ऐकू येतोय!" मेकॅनिकने बिलात सुट्या भागांचे आणि मजुरीचे पैसे लावले होते, कोन मोजल्याचे नाहीत. मी पाचशे वेगळे दिले. तो घेईना. म्हटलं, हे बघण्याचे आहेत, लिहून घे बिलावर. "काय लिहू?" म्हणाला. 'निदान' असं मीच लिहिलं.

विकण्याचा विषय घरात तूर्त बंद आहे. मात्र उगाच काढलेली दोन टायरं जिन्याखाली पडून आहेत, बारा इंची, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. तुमच्यात कुणी ऑम्नीवाला असेल तर घेऊन जा, ही रोज झाडताना माझ्या नावाने बोटं मोडते.