शर्टावर कंपनीचं नाव, घरी जायला दुचाकी : शोरूममधला कर्मचारी कुठली गाडी चालवतो?

बेळगाव : कार बघायला गेलेलं गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, 'तुम्ही स्वतः कुठली गाडी वापरता?' समोरचा तरुण हसतो, 'सर, आमच्याकडं हीच चालते' असं काहीतरी म्हणतो आणि विषय मायलेजवर नेतो. गिऱ्हाईक प्रश्न गाडीची पारख म्हणून विचारतं. खरं उत्तर मात्र गाडीच्या दर्जापेक्षा त्या तरुणाच्या पगाराबद्दल जास्त सांगतं. शोरूमच्या मागच्या पार्किंगमध्ये डोकावून बघा, तिथं दुचाक्यांचीच रांग असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. त्या वेळी मारुतीची एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आसपास आणि अल्टो के१० सुमारे ३ लाख ७० हजारांपासून सुरू झाली, तीही एक्स-शोरूम. आता प्रत्येकाच्या दारात कार येणार, असं चित्र रंगवलं गेलं. पण ती कार विकणाऱ्याच्या दारात आली का?

'कंपनीचा माणूस' कंपनीचा नसतो

मुळात एक गैरसमज दूर करायला हवा. छातीवर लोगो असला तरी शोरूममधला विक्रेता, सर्व्हिस ॲडव्हायझर किंवा मेकॅनिक कार कंपनीच्या पगारावर नसतो. तो स्थानिक डीलरचा नोकर असतो आणि डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक असतो. कंपन्या आपल्या कामगारांना गाडीवर सवलत देतात, तिच्यावर डीलरच्या नोकराचा आपोआप हक्क लागत नाही. डीलरनं मनावर घेतलं तर थोडीफार सूट मिळते, नाहीतर तोही इतरांसारखाच गिऱ्हाईक.

बेळगावकरांना यातली तफावत पटकन कळेल. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात आहे. लष्करातल्या माणसाला पात्रतेच्या अटींत बसत असेल तर कँटीनमार्फत कमी करात गाडी मिळते. त्याचा धाकटा भाऊ शोरूममध्ये तीच गाडी विकत असेल, तर त्याला पूर्ण कर भरावा लागतो.

कंपनी आणि नोकर यांच्यातलं हे अंतर २०२१ मध्ये उघडं पडलं. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. देशात १७० डीलर आहेत आणि त्यांच्याकडं सुमारे ४० हजार माणसं काम करतात, असं डीलरांच्या 'फाडा' या संघटनेनं तेव्हा सांगितलं होतं. कारखान्यातल्या कामगारांची युनियन कंपनीशी वाटाघाटीला बसली. शोरूममधल्या पोरांनी कुणाशी बोलायचं? कंपनी त्यांची मालक नव्हती आणि डीलर स्वतःच अडचणीत होता.

डेमो कार घरी नेता येते का?

'निदान डेमोची गाडी तरी फिरवायला मिळत असेल की,' असं अनेकांना वाटतं. मालक किंवा मॅनेजर कधी नेतही असेल, पण नियम त्याच्या बाजूनं नाहीत. नोंदणी न झालेली गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर रस्त्यावर येते, ती चाचणी, गिऱ्हाइकाला ट्रायल, नोंदणीसाठी ने-आण, डिलिव्हरी अशा ठरावीक कामांसाठीच. डेमो कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट डीलरला मिळतं, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं १० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. पण गाडी कर्मचारी किंवा व्यवस्थापनाच्या ये-जा करण्यासाठी घेतली असेल तर क्रेडिट नाही, हेही त्यातच लिहिलंय.

हप्त्याचं गणित

समजा, एखाद्याला महिन्याला २० हजार हातात पडतात. चार लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ६,४०० रुपये बसतो. खानापूर किंवा चंदगडच्या बाजूनं रोज येऊन-जाऊन ६० किलोमीटर धरा. लिटरला २० किलोमीटर मिळाले तरी महिन्याच्या २६ दिवसांत ७८ लिटर पेट्रोल. शंभर रुपये लिटरनं ७,८०० झाले. पगारातले १४ हजारांहून जास्त तिथंच संपले, विमा आणि सर्व्हिसिंग अजून बाजूलाच. त्यात पगाराचा एक भाग इन्सेंटिव्हचा. टार्गेट चुकलं की तो गेला, हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो.

जीएसटी कपातीत ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्याही १८ टक्क्यांवर आल्या. कार विकणाऱ्याला या कपातीचा थेट फायदा झाला असेल, तर तो बहुधा दुचाकी घेतानाच.

सीमाभागात आणखी एक भर पडते. आठ लाखांच्या खासगी पेट्रोल कारवर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर आहे. कर्नाटकात तो १४ टक्के, वर अधिभार. ढोबळ हिशेबानं फरक २४ हजारांच्या पुढं जातो. जीएसटी दोन्हीकडं सारखाच उतरला, तरी ऑन-रोड किंमत सारखी झाली नाही. निपाणीचा माणूस कोल्हापूरचा भाव ऐकून येतो आणि त्याचा राग काढतो काउंटरवरच्या पोरावर.

मग विचारायचं काय?

विक्रेता कुठली गाडी चालवतो यावरून गाडीचा दर्जा ठरत नाही. ज्याला परवडतं तोही बऱ्याचदा सेकंडहँड, दुसऱ्या ब्रँडची गाडी घेतो, कारण ती स्वस्तात मिळते. त्यात बेइमानी काही नाही.

गिऱ्हाइकानं वर्कशॉपच्या बाजूला जाऊन विचारावं. या मॉडेलमध्ये काम कशाचं जास्त निघतं? पार्ट यायला किती दिवस लागतात? तीन वर्षं झालेली गाडी कशी दिसते? रोज बॉनेट उघडणाऱ्याला हे पाठ असतं. आणि विमा किंवा ॲक्सेसरीजचा आग्रह झाला, तर विमा बाहेरून घ्यायची मुभा आपल्याला आहे, हे लक्षात ठेवावं. तो आग्रह टार्गेटपोटी असतो, म्हणून त्या पोरावर आवाज चढवण्यात अर्थ नाही.

कंपन्या आणि डीलर विक्रीचे आकडे दर महिन्याला जाहीर करतात. विकणाऱ्यांचा मूळ पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे मात्र कुणी छापत नाही. कर कमी करून कार सामान्यांच्या आवाक्यात आणली असं सरकार म्हणत असेल, तर ते खरं किती याची खूण शोरूमच्या मागच्या पार्किंगमध्येच बघायला मिळेल.