जात जळत नाही, दाखला जळतो

झोपडपट्टी पेटली की पेपरात दोनच आकडे येतात. झोपड्या किती, मुडदे किती. ७ डिसेंबर २०१५ला, महापरिनिर्वाण दिनाच्या दुसऱ्या दिवशी, कांदिवलीचं दामूनगर पेटलं. सिलिंडर एकामागून एक फुटले, शेकडो झोपड्यांची राख झाली, दोन माणसं गेली. वांद्र्याचं गरीबनगर मार्च २०११मध्ये जळालं, ऑक्टोबर २०१७मध्ये परत जळालं. आकडे छापले, विषय खल्लास. तिसरा आकडा कुणी मोजत नाही : ट्रंका किती जळाल्या?

आमच्या घरात कपाट नसतं, पत्र्याची ट्रंक असते. मी तसल्याच घरात वाढलो. तिच्यात रेशनकार्ड, फोटोपास, लाइटबिलं, पोरीची मार्कलिस्ट, आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला. ही रद्दी नव्हे. या शहरात आमचं घर विटांचं नसतं, कागदांचं असतं. सरकार आधी म्हणालं, १ जानेवारी १९९५च्या आधीचा पुरावा आण. मग म्हणालं, १ जानेवारी २०००च्या आधीचा आण. पुरावा असेल तर तू झोपडीधारक, नसेल तर अतिक्रमण. म्हणजे आग एकदा लागते, घर दोनदा जळतं. दुसऱ्यांदा ते कचेरीच्या खिडकीत जळतं. आमच्या गल्लीत जळीत झालं तेव्हा एका साहेबानं माझ्या आईला सुनावलं, कागद जळाल्याचा पुरावा आणा. काय आणायचं साहेब? राख पदरात बांधून?

आता जातीचं बघा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. आज्याचा तो पिवळा कागद गेला की नातीची शिष्यवृत्ती अडकली. पण तीच नात भाड्याची खोली बघायला गेली की घरमालक नुसतं आडनाव विचारतो आणि बिनकागदाची जात बरोब्बर ओळखतो! जात जळत नाही, दाखला जळतो.

मदतीचाही हिशेब मांडा. केंद्राच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १,२०,००० रुपये, झोपडीला ८,०००. वर घर अधिकृत पाहिजे. आग अधिकृत-अनधिकृत बघत नाही, कायदा बघतो. बंब आत येत नाही कारण गल्ली अरुंद, आणि गल्ली अरुंद कारण आम्हाला जागाच तेवढी सोडलीय. तरी शहाणे आम्हालाच विचारतात, सिलिंडर का ठेवता? मग चूल पेटवू काय?

१९७८ साली मराठवाड्यात नामांतराला विरोध म्हणून आमची घरं पेटवली. तिथं काडी लावणारा दिसत होता. इथं काडी कुणाची ते कळत नाही, पण राखेवर खुर्ची टाकून बसलेली कचेरी स्वच्छ दिसते.

म्हणून पोरांनो, चादरी वाटून फोटो काढणं पुरे झालं. पंचनामा चालू असताना तिथं छाती काढून उभे राहा. भांडी-कपड्यांबरोबर जळालेला एकेक कागद नावानिशी लिहायला लावा, नक्कल मागून घ्या. दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे, कार्डाची नोंद रेशन ऑफिसात आहे, जुन्या याद्या निवडणूक कचेरीत आहेत. सरकारच्याच फडताळातला कागद सरकारनं वस्तीत आणून द्यावा. जळालेल्या माणसानं रांगेत का मरावं?

मतं मागायला येतात तेव्हा यादीत आमची नावं झटक्यात सापडतात. मग घर जळाल्यावरच ती कशी हरवतात?