पाठटेकू म्हणजे सोफ्याचे लाड नव्हेत

मागील अंकातील पत्रलेखकाने मोटारसायकल चालकाच्या पाठटेकूला ‘सोफ्याचे लाड’ ठरवले आहे. टेकून बसले की डुलकी लागते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पण डुलकी येते थकव्याने, आणि लांबच्या प्रवासात माणसाला आधी थकवते ती कंबर.

हार्लेची रोड किंग किंवा रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअर ६५० यांवर पाय पुढे पसरलेले असतात. खड्ड्याचा दणका पायांवर झेलता येत नाही. तो माकडहाडातून थेट मणक्यात चढतो. अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशनच्या ‘सॅडलसोर १०००’मध्ये २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर कापायचे असतात. तिथे कंबरेचा आधार चैन कसा?

टेकूच्या बसवणुकीबद्दलची पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त आहे. गादी कंबरेच्या खोलगट भागालाच टेकायला हवी. फार पुढे आली तर चालक टाकीवर ढकलला जातो. दांडी पुढे दुमडणारी हवी, नाहीतर मागच्याला चढताना कसरत (साडी असेल तर विचारूच नये).

रॉयल एनफिल्डच्याच हिमालयनसारख्या गाडीवर मात्र खराब रस्त्यात उभे राहावे लागते. तिथे हा टेकू निव्वळ अडगळ.