चढावे पायांनी, उतरावे एस.टी.ने

महाशिवरात्र जवळ आली की भीमाशंकराकडे माणसांचे दोन ओघ सुरू होतात, आणि खेदाची गोष्ट अशी की, ते एकमेकांस कोठेच मिळत नाहीत. एक ओघ मोटारींचा. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथील कुटुंबे पहाटे निघून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव असा मोठा वळसा घेत डोंगराच्या पाठीवरून देवळाशी येतात. शेवटच्या टप्प्यात वाहने मुंगीच्या चालीने सरकतात. मग दर्शनाची रांग, मग क्षणभर पिंडीचे दर्शन, आणि लगेच परतीची घाई. दुसरा ओघ तरुणांचा. ते नेरळ वा कर्जत स्थानकावर लोकलमधून उतरतात, कशेळेमार्गे खांडस गाठतात आणि तेथून सह्याद्रीचा कडा पायी चढून जातात. याला ते ‘ट्रेक’ म्हणतात. त्यांच्यातील कित्येक जण माथ्यावर पोहोचले की छायाचित्रे काढतात, रांग मोठी आहे असे पाहून कळसाला नमस्कार करतात आणि मागे फिरतात. पुष्कळ वेळा मोटारीतले आजोबा आणि कड्यावरचा नातू हे एकाच घरातले, एकाच पंगतीला जेवणारे असतात.

कल्याण-शीळ रस्त्यावरील मानपाडा येथे मानपाडेश्वराच्या सान्निध्यात कीर्तनसेवेचा योग आम्हांस वर्षानुवर्षे लाभत आला आहे. कीर्तन आटोपून बुक्का लावण्यास मंडळी पुढे आली की त्यांतले कोणी ना कोणी हटकून विचारते, ‘बुवा, भीमाशंकराला पायी गेल्यास अधिक पुण्य का? की गाडीने गेले तरी चालते?’ बुक्का लावता लावता द्यावयाचे हे उत्तर नव्हे. म्हणून आज या पर्वकाळी ते येथे विस्ताराने मांडतो.

मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात वाहनाने तीर्थास जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरविली आहे. एवढेच सांगून श्रोत्यांना घाबरविणारे उपदेशक आम्ही ऐकले आहेत. परंतु त्याच वचनात पुराणकाराने कारणेही सांगितली आहेत: ऐश्वर्य, लोभ आणि मोह. जो धडधाकट असून केवळ श्रीमंती मिरविण्यासाठी वाहनात बसतो, त्याला तो दोष लागतो. गुडघे धरलेल्या आजीबाईंना, हृदयविकार असलेल्या गृहस्थांना, कडेवर तान्हे मूल असलेल्या सुनेला त्या वचनाचा धाक घालणे हा अर्थाचा अनर्थ होय. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा सांगोपांग विचार केला आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो अवश्य वाचावा. महाभारताच्या वनपर्वात तर तीर्थयात्रेचे फळ हात, पाय आणि मन ज्याच्या स्वाधीन आहेत त्याला मिळते, असे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की, यज्ञाला लागणारे द्रव्य दरिद्री माणसाजवळ नसते, पण तीर्थयात्रा त्यालाही करता येते आणि ती यज्ञाहून सरस आहे. हा फार मोठा विचार आहे. ज्या गोष्टीला पैसा लागत नाही, पाय लागतात, ती ऋषींनी यज्ञाच्या वर नेऊन ठेवली. आज आपण ती गाडीच्या भाड्यावर आणून ठेवली आहे.

भीमाशंकराच्या उत्पत्तीच्या दोन कथा आहेत. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत कुंभकर्ण व कर्कटी यांचा पुत्र भीम याच्या संहाराची कथा येते. तीत सह्याद्रीही आहे आणि कामरूप देशही आहे. त्यामुळे आसामातील मंडळी हे ज्योतिर्लिंग आपल्याकडचे मानतात, व 2023 साली त्यावरून वृत्तपत्रांतून बराच गदारोळही झाला. त्या वादात आज शिरावयाचे नाही. आमच्या विषयाला उपयोगाची आहे ती दुसरी, स्थानिक कथा. त्रिपुरासुराशी युद्ध करून महादेव येथे विसावले, त्यांच्या अंगातून घामाच्या धारा वाहिल्या आणि त्यांचीच भीमा नदी झाली. साक्षात देवाचा घाम जेथे नदी होऊन वाहतो, तेथे आपण वातानुकूलित गाडीतून, कपाळी घामाचा थेंबही न आणता जावे, हे निदान ज्याचे पाय बरे आहेत त्याला तरी शोभत नाही.

आता ती वाट. खांडस हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याचे गाव. येथून वर जाण्यास दोन घाट आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. गणेश घाट लांबचा, पण सोपा. वाटेत गणपतीचे लहानसे देऊळ लागते, त्यावरून घाटाला हे नाव. बाजूला पदरगडाचे सुळके उभे असतात. पुढे दोन्ही घाटांच्या वाटा एका पठारावर एकत्र येतात. तेथे गावकऱ्यांच्या झोपड्यांत चहा मिळतो, लिंबाचे सरबत मिळते. येथे बसावेच. कारण यानंतरचा चढ खडा आहे आणि तो दाट रानातून जातो. हिरडा, जांभूळ, अंजन यांच्या सावलीतून ऊन गाळून खाली येते. वरच्या फांद्यांत काटक्यांचे मोठे घरटे दिसले तर ते शेकरूचे समजावे. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. त्याच्यासाठी व या रानासाठी 1985 साली येथे अभयारण्य जाहीर झाले. सराईत माणूस हा सारा चढ पाच-सहा तासांत पार करतो. कुटुंबाने मात्र पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, पहाटेच्या लोकलने निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी पहिली चढण मागे टाकावी.

माथ्यावर आल्यावर दिसते की देऊळ शिखरावर नाही. ते खोलगट जागी आहे, आणि पायऱ्या उतरून त्याच्यापाशी जावे लागते. दिवसभर चढून आलेल्या माणसाला देवासाठी शेवटी खाली उतरावे लागते, याची आम्हांस प्रत्येक वेळी मौज वाटते. सगळ्यांत उंच आहे ते नागफणीचे टोक. त्या कड्याशी उभे राहिले म्हणजे खाली कोकण पसरलेले दिसते.

मानपाड्याच्या मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या डोंगराच्या पूर्वेकडे भीमा निघते. तीच पुढे पंढरपुरास चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा म्हणविते. तेथून कर्नाटकात जाऊन, एकूण सुमारे 861 किलोमीटरांचा प्रवास करून, कृष्णेला मिळते. आम्ही त्या चंद्रभागेच्या वाळवंटात लहानाचे मोठे झालो. पश्चिमेकडच्या, म्हणजे खांडसच्या बाजूच्या उताराचे पाणी मात्र उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरते. उल्हास म्हणजे आपल्या बदलापूर-कल्याणवरून वाहत वसईच्या खाडीला मिळणारी नदी. कड्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब पंढरीला जातो आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा तुमच्या दाराशी येतो. तेव्हा भीमाशंकर हे ‘पुण्याकडचे’ देवस्थान, असे जे आपण बोलून जातो ते बरोबर नाही. कोकणचाही तो देव आहे, आणि कोकणाकडून त्याच्या दाराशी जाणारी वाट हीच आहे.

देवळासमोर एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर क्रूस कोरलेला आहे. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला जिंकला, त्यानंतर तेथून आणलेल्या घंटांपैकी ही एक मानतात. वसई म्हणजे पुन्हा उल्हासचेच मुख. तेथील घंटा या उंचीवर माणसांच्या व जनावरांच्या बळावर आली. तिला हात लावताना आमच्या मनात नेहमी ते अनाम भोई आणि मजूर येतात.

आता थोडे परखड बोलणे भाग आहे. शिडी घाट हा संसारी माणसांचा मार्ग नाही. कड्याला लावलेल्या शिड्यांवरून तेथे चढावे लागते आणि पावसाळ्यात ते खडक शेवाळाने निसरडे होतात. श्रावणी सोमवारचे पुण्य म्हणून धो धो पावसात, धुक्यात, वाट माहीत नसताना तरुणांच्या झुंडी तेथे घुसतात. ही भक्ती आम्हांस मान्य नाही. प्रशासन पावसाळ्यात निर्बंध घालते, ते पाळणे हाही धर्मच आहे. कोकणाकडून चढण्याचा खरा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. महाशिवरात्रीच्या ऐन दिवशीही चढू नये, असे आम्ही सुचवितो. त्या दिवशी गर्दी अतोनात असते आणि अंगात उपवास असतो. शिवरात्र आपल्या गावच्या शिवालयात करावी, रात्री जागरण करावे, आणि चढण त्याच्या आधी वा नंतर, पोटात अन्न घालून करावी. ‘उपवासाने चढलो तर अधिक पुण्य नाही का?’ असे विचारणाऱ्यांनी कालिदासाचे कुमारसंभव आठवावे. पार्वती उग्र तप करीत असता बटूच्या वेषाने आलेले शंकर पहिल्या चौकशीतच तिला विचारतात की, हे तप तुझ्या शरीराला झेपेल एवढेच आहे ना? ज्या देवासाठी तप चालले होते, त्यालाच तिच्या शरीराची काळजी पडली होती.

दोन ओघ एकत्र आणण्याचा उपाय आमच्या मते अगदी सोपा आहे. ही चढण एकमार्गी करावी. खांडसकडून पायी चढावे, रात्री वर मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या बाजूने एस.टी.ने उतरावे. घाटवाटेने उतरणे हे चढण्याहून गुडघ्यांना कठीण, आणि अपघात बहुधा थकलेल्या पायांनी, कलत्या उन्हात उतरतानाच होतात. शिवाय एकमार्गी यात्रेत सगळ्या घराला जागा आहे. ज्यांचे पाय चालतात त्या मुलांनी, लेकी-सुनांनी, नातवंडांनी खालून चढावे. ज्यांना ते शक्य नाही त्या वडीलधाऱ्यांनी सोबत घेऊन मंचरमार्गे एस.टी.ने वर यावे. सायंकाळी दोन्ही तुकड्यांनी देवळाच्या पायऱ्यांवर भेटावे आणि सगळ्यांनी मिळून दर्शन घ्यावे. चढून आलेल्यांनी रांगेला कंटाळू नये आणि गाडीने आलेल्यांनी त्यांना ‘कशाला एवढा त्रास घेतलास’ असे म्हणू नये. इतके साधले तरी आमचा हा लेख कारणी लागला असे आम्ही समजू.

यावर कोणी म्हणेल की, बुवा, हे तर नुसते डोंगर चढणे झाले, यात यात्रा कोठे आहे? त्याला आमचे उत्तर असे की, गणेश घाटातल्या गणपतीपुढे क्षणभर थांबावे, चढताना मुखाने नाम घ्यावे, ज्याच्या पायात गोळे आले असतील त्याची पिशवी दुसऱ्याने घ्यावी. झोपडीतल्या बाईने दिलेल्या सरबताचे पैसे देताना घासाघीस करू नये. तिने ते पाणी डोक्यावरून वाहून आणलेले असते. प्लॅस्टिकची एक पिशवीही रानात टाकू नये. निर्माल्यसुद्धा टाकू नये. अनोळखी असाल तर खांडसमधून माहितगार माणूस बरोबर घ्यावा, घाटात मोबाइलवर विसंबू नये. मुक्कामाची सोय आणि एस.टी.ची वेळ आधी पक्की करावी. एस.टी.ने येणाऱ्या आजी-आजोबांनी आपल्या पिशवीत नातवंडांसाठी कोरडे कपडे आणि एकेक घोंगडी आठवणीने घ्यावी. चढून आलेल्यांचे सदरे घामाने भिजलेले असतात, आणि माघातल्या रात्री माथ्यावर थंडी पुष्कळ पडते.