कौलं हवीत, पन्हळ नको!

१६ एप्रिल २०२४ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. दुबई तुंबली, शारजात लोक दिवसचे दिवस घरात अडकले, आणि आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर विनोद सुरू झाले. "एवढे टॉवर बांधले, गटारं बांधायची विसरले!"

हसा. पण हसणाऱ्यांनी गावच्या घराचं काय केलंय? दिरहम साठवून कौलारू घर पाडायचं, स्लॅब ओतायचा, मग "कोकणातला फील" यावा म्हणून त्याच स्लॅबवर सिमेंटात कौलं चिकटवायची. अंगणभर पेव्हर ब्लॉक. पन्हळ दिसायला वाईट, म्हणून ती नाहीच.

अहो, कौल ही शोभेची वस्तू नव्हे. जुन्या नळीच्या कौलांत उताणं ठेवलेलं प्रत्येक कौल म्हणजे एक छोटी पन्हळच असे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, त्या कौलांच्या खाचा आणि कडाही एकमेकींत अडकून पाणी खालच्या कौलावर सोडण्यासाठीच. तिथून पागोळी, पन्हळ, अंगणाकडेचा चर, शेवटी व्हाळ. विलायतेतले शेतकरी भाजक्या मातीच्या नळ्या शेताखाली पुरत. सांध्यांच्या फटींतून जादा पाणी आत शिरे आणि बाहेर जाई. इंग्रजीत त्या नळीलाही 'टाइल'च म्हणतात. आपण मात्र टाइल म्हटलं की बाथरूमचा रंग निवडायला बसतो.

इथल्या लोकांना पाणी कळत नाही म्हणणाऱ्यांनी एका शुक्रवारी मॉल सोडून अल ऐनच्या हिलीला जावं. तिथे सुमारे ३००० वर्षांपूर्वी जमिनीखालून पाणी आणणारा फलज होता. वाळवंटात अक्कल लागली ती पाणी आणायला. घालवायची वेळ क्वचितच आली. ती आली, तेव्हा सुमारे दोन महिन्यांत दुबईने ३० अब्ज दिरहमची 'तसरीफ' योजना जाहीर केली.

आणि आपण? २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. ते काही आपल्या बंगल्यांमुळे नव्हे, मान्य. पण व्हाळ बुजवून कंपाउंड दोन हात पुढे सरकवणाऱ्यांत गल्फचे पैसे नाहीत, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? वरच्या घराचं पाणी मग खालच्या वाडीतल्या म्हातारीच्या पडवीत शिरतं. ती आपल्या ग्रुपवर नसते.

सुट्टीत गावी गेलात की कौलांचा रंग ठरवण्याआधी कंत्राटदाराला विचारा: छपरावरचं पाणी कुंपणाबाहेर कुठून जाणार? तो "बघू मागाहून" म्हणाला, तर पहिला हप्ता देऊ नका.