यंत्र चुकले, तर उत्तर कोणी द्यायचे?

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने दोन गोष्टी केल्या. १३ तारखेला कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा ५० शिफारशींचा कृती आराखडा वाजतगाजत जाहीर झाला. त्यानंतर आठवडाभराने न्याय मंत्रालयाने एका जुन्या प्रश्नावर मते मागवली: फौजदारी खटल्यांत संगणकीय पुराव्यावर कितपत विसंबावे? पहिल्या घोषणेची चर्चा सर्वत्र झाली, दुसरीची फारशी झाली नाही. वास्तविक पहिलीचे यशापयश दुसरीच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो पोस्ट ऑफिस प्रकरणाने. फुजित्सूच्या ‘होरायझन’ प्रणालीने दाखवलेली तूट खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सब-पोस्टमास्तर दोषी ठरवले गेले. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. संगणक नीट चालत होता, असेच इंग्लंड आणि वेल्समधील न्यायालये गृहीत धरतात. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो. येथे तर ते दाखवणारी माहितीच पोस्टाच्या आणि कंपनीच्या ताब्यात होती. प्रणालीतील दोष उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि दोषसिद्धी सरसकट रद्द करण्यासाठी संसदेला २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

होरायझन ही हिशेबाची साधी प्रणाली होती. तिच्यातील चूक निदान शोधून काढता येत होती. आजची भाषिक प्रारूपे संभाव्यतेच्या आधारे वाक्ये रचतात. एखादे उत्तर तसेच का आले, हे त्यांच्या निर्मात्यांनाही बहुधा नेमके सांगता येत नाही, आणि चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने येते. लंडनच्या उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात दाखला दिलेल्या ४५ निवाड्यांपैकी १८ अस्तित्वातच नव्हते. त्याची जबाबदारी न्यायालयाने वकिलांवरच ठेवली. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा ‘चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे’ अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला.

या तंत्रज्ञानाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. संगणक-आज्ञावली लिहिण्यात किंवा भाषांतरात त्याची मदत आपल्यापैकी अनेक जण रोज घेतात. आक्षेप आहे तो गाजावाजामागील सोयीस्कर विभागणीला. जाहिरातीत यंत्र तज्ज्ञाच्या तोडीचे असते. वापराच्या अटींत मात्र ‘उत्तरे स्वतः तपासून घ्यावीत’ अशी तळटीप असते. श्रेय कंपनीचे आणि पडताळणी ग्राहकाची, असा हा व्यवहार आहे. कर्जाचा अर्ज, नोकरीची निवड किंवा सरकारी अनुदान यांचा निर्णय अशा यंत्रावर सोपवला, की ती तळटीप सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी येते.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांपैकी पुष्कळ जण अशा प्रणाली घडवतात, विकत घेतात किंवा त्यांचे लेखापरीक्षण करतात. म्हणून हा विषय आपल्यासाठी केवळ वाचनाचा नाही. नव्या प्रणालीच्या बैठकीत ‘हिने किती माणसांचे काम वाचेल?’ हे हमखास विचारले जाते. ‘हिचा निर्णय ज्याला चुकीचा वाटेल त्याने दाद कोणाकडे मागायची, आणि तोवरच्या नोंदी त्याला पाहता येतील का?’ हेही त्याच बैठकीत विचारले गेले पाहिजे. सब-पोस्टमास्तरांना या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वीस वर्षे लागली.